कीपर सोडून एक

यंदाही व्हिडिओ आला. दिवाळी सरते, शाळेला निघताना स्वेटर कपाटातून काढावा की अजून चार दिवस कळ काढावी असा विचार सुरू होतो, आणि नेमक्या त्याच सुमाराला कुणाला तरी तो आठवतो. 'जुने खेळाडू' नावाच्या ग्रुपवर येऊन पडतो. खाली हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारे पिवळे चेहरे. कुणीतरी लिहितं, "जालन्याच्या फुटबॉलचा खून." कुणी नुसतं लाल झेंड्याचं चित्र टाकतं. मी त्या ग्रुपमध्ये आहे हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून तर टाकतात.

दर वेळी बघायचं नाही असं ठरवतो आणि बघतो. गोलच्या मागून कुणीतरी मोबाइलवर काढलाय. हात हलतोय, मध्येच काढणाऱ्याचं बोट आडवं येतं, पण जे दिसायचं ते स्वच्छ दिसतं. आमच्या संघाचा इमरान चेंडू आत ढकलतो. भोकरदनच्या संघाचा एक गडी थेट गोलरेषेवर उभा आहे, इमरान आणि जाळ्याच्या मधोमध. आणि लांब उजवीकडे, पांढऱ्या शर्टातला एक माणूस लाल झेंडा सरळ वर धरून खांबासारखा उभा आहे. तो मी. मग आरडाओरडा, मग एक शिवी अगदी मोबाइलजवळून, आणि व्हिडिओ संपतो.

गंमत अशी की तो व्हिडिओ माझी बाजू सिद्ध करतो. त्यात सगळं आहे. कीपर गोल सोडून पुढे आलेला आहे, बाकीचे बचाव करणारे त्याच्याही पुढे आहेत, इमरानच्या पुढे फक्त तो एक गडी आहे. ऑफसाइडच्या नियमाला दोन लागतात. पण आमच्या गावात कुणाला दोन दिसत नाहीत. त्यांना एक दिसतो, आणि एक दिसला की त्यांचं समाधान होतं. "मागं माणूस उभा हाय की न्हाई, सर? डोळ्यानं बघा." बघतो ना. इतकी वर्षं तेच बघतोय.

थंडीचे दिवस आमच्याकडे फुटबॉलचे. पावसाळ्यात मैदानाचा नुसता चिखल असतो, काळी माती बुटाला अशी धरते की एकेक पाय शेरभर जड होतो. उन्हाळ्यात तीच माती फाटते आणि भेगेत पाय गेला की घोटा गेलाच म्हणून समजा. मधल्या या थोड्या दिवसांतच ती माणसात असते. सकाळी तिच्यावर धुकं, त्यात कारखान्यांच्या भट्ट्यांचा धूर मिसळलेला, त्यामुळे सूर्य उगवला तरी बराच वेळ जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा दिसतो. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जातात आणि बाभळीच्या काट्यांना कापूस लटकून राहतो. मोसंबीच्या क्रेट भरलेले ट्रक उभे असतात, त्यांच्याजवळून गेलं की तोंडाला पाणी सुटतं. मला हे सगळं फार आवडायचं. आता ही थंडी आली की माझ्या मानेत काहीतरी आखडतं. सुनीता, माझी बायको, म्हणते, "उशी बदला."

मैदानावर फक्की मारायचं काम अन्वर स्वतः करायचा. जुन्या डालड्याच्या डब्याला तळाशी भोकं पाडलेली, त्यात पांढरी फक्की, आणि दोरी ताणून धरायला मी. तो मागे मागे जात रेषा सोडायचा आणि मी दोरीचं टोक खुंटीवर दाबून बसायचो. आम्ही एका वर्गात होतो, पहिलीपासून. त्याचं घर मशिदीच्या गल्लीत, माझं बुद्धविहाराच्या मागे, मध्ये एक नाला आणि नाल्यापलीकडे ते मैदान. तो खेळायचा आणि मी धावायचो. चेंडू माझ्या पायाला कधी लागलाच नाही, पण धावायला मी बरा होतो. पुढे मी बदनापूरजवळच्या शाळेत भूगोलाचा मास्तर झालो आणि अन्वरनं मोटारी बांधायचं दुकान टाकलं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तार तो नव्यानं भरून देतो. रब्बीत मोटारी जळतात, म्हणजे हाच त्याचा हंगाम, आणि याच हंगामात तो चार वाजता शटर ओढून मैदानावर येतो. शेतकरी बोंबलत बसतात. "पाणी उद्याबी देता येतं," म्हणतो, "पोरं उद्या मोठी व्हतात."

त्यानं तो संघ उभा केला होता. हमालांची पोरं, गवंड्यांची पोरं, दोन-तीन आमच्या वस्तीतली, बाकी त्याच्या गल्लीतली. बुटांपासून बोलण्यापर्यंत सगळं त्यानं शिकवलं. आणि ऑफसाइडही शिकवली. ऑफसाइड आमच्या गावात एका ओळीत शिकवतात, आम्हालाही आमच्या वेळच्या मोठ्या पोरांनी तशीच शिकवली होती: कीपर सोडून एक. कीपर सोडून समोरच्यांचा एक माणूस तुझ्या पुढे, गोलच्या बाजूला असला की तू बिनधास्त उभा राहा. पोरं हे पाढ्यासारखं म्हणायची. सराव सुरू होताना अन्वर ओरडायचा, "कीपर सोडून?" आणि सगळी पोरं, "एक!" थंडीत त्यांच्या तोंडातून वाफ निघायची.

चूक नव्हतीच ती. म्हणजे रोजच्या खेळात नव्हती. कीपर आपला गोलमध्ये असतो, तोच शेवटचा असतो, तो सोडून आणखी एक म्हणजे दोनच झाले. नियम दोन म्हणतो, ते कोणतेही दोन. कीपरचं नावही घेत नाही. पण कीपर जेव्हा गोल सोडून पुढे येतो तेव्हा हिशेब बदलतो आणि आमच्या गावचा पाढा उताणा पडतो. असं क्वचित होतं. इतकं क्वचित, की पिढ्यान् पिढ्या कुणाचं काही बिघडलं नाही.

मला हे कळलं ते संभाजीनगरला. रेफ्रींचा वर्ग होता, आठवडाभराचा. मला पाठवलं अन्वरनंच. "तू धावतो बरा आन् तुला नियम-बियम वाचायची खोड हाय. जा, लाइनमन होऊन ये. आपला एक पक्का माणूस पाहिजे यार." आईला सांगितलं लाइनमन होणार म्हणून, तर तिनं शेजारी सांगून टाकलं की पोराला विजेच्या खांबावरची नोकरी लागली. वर्गातल्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, झेंडा धरणाऱ्याला दोन ठिकाणी बघावं लागतं आणि डोळे एकाच ठिकाणी असतात. म्हणून चेंडू कानानं बघायचा. डोळे रेषेवर ठेवायचे, समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या माणसाशी अगदी सरळ, आणि कान पास देणाऱ्याच्या बुटाकडे. ठप् असा आवाज आला की त्या क्षणी कोण कुठे होतं तेवढंच खरं. त्याच्या आधीचं नाही, नंतरचं नाही. मला ते इतकं आवडलं की महिनाभर मी भाजी बाजारातसुद्धा तिरपा तिरपा चालत होतो, खेकड्यासारखा. रेषेवर तसंच पळतात.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती, ती मी तेव्हा वहीत नीट उतरवूनही घेतली नाही. नुसतं ऑफसाइडच्या जागी उभं असणं हा गुन्हा नाही. माणूस कुठेही उभा राहू शकतो. खेळात हात घातला की मग झेंडा. हे वाक्य मला नंतर फार आठवायचं, चहाच्या टपरीवर उभा राहिलो आणि आजूबाजूची माणसं गप्प झाली की.

आमच्याकडच्या फायनलची एक रीत आहे. बाहेरून फक्त रेफ्री येतो. दोन्ही लाइनमन संघांनी द्यायचे, एकेक. आणि ज्यानं त्यानं आपल्याच संघाच्या चढाईच्या बाजूला उभं राहायचं. समोरच्या संघावर झेंडा वर करायला माणूस टपलेलाच असतो, म्हणून त्याला त्या बाजूला ठेवायचंच नाही, असं कुणा शहाण्यानं कधीतरी ठरवलं. ऐकायला बरं वाटतं. पण त्याचा अर्थ असा की आपल्या पोरानं गोल मारताना झेंडा आपल्याच माणसाच्या हातात. मग तो वर कशाला जातोय? फायनलमध्ये झेंडा वर गेल्याचं मी लहानपणापासून पाहिलेलं नाही. भोकरदनचा लाइनमन खाली ठेवायचा, आमचा खाली ठेवायचा, मंठ्याचा आला तर तोही. सगळे सुखी. ऑफसाइड ही फायनलच्या आधीपर्यंतच असते, असं अन्वर एकदा हसत म्हणाला होता, आणि मीही हसलो होतो.

त्या हिवाळ्यात जिंकणारा संघ जिल्ह्याकडून राज्याला जाणार होता. राज्याचं सर्टिफिकेट असलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागांवर अर्ज करता येतो. इमरान अन्वरचा भाचा, बहिणीचा मुलगा, बाप नसलेला. त्याच्यासाठी ते सर्टिफिकेट म्हणजे खाकी कपडेच होते. अन्वरनं त्याला लहानपणापासून मैदानावर वाढवलं होतं. माझ्याही अंगाखांद्यावर खेळलेला. मला "गौतममामू" म्हणायचा.

माझे झेंडे सुनीतानं शिवले होते. तिच्या एका लाल ब्लाउजच्या उरलेल्या कापडाचे, कडेला दुहेरी शिलाई, बांबूची काठी. सकाळी तिनं इस्त्री करून दिले. "झेंड्याला कुणी इस्त्री करतं का?" म्हणालो. "सगळं गाव बघणार," ती म्हणाली.

सगळं गाव माझ्या पाठीशी होतं, अगदी शब्दशः. दुसऱ्या हाफमध्ये आमची चढाई ज्या बाजूला होती तिथं रेषेला लागून अन्वरची गल्ली उभी. त्यांचा श्वास मानेला लागत होता. शेंगांची टरफलं पाठीवर पडत होती, प्रेमानं. "मामू, झेंडा खिशात ठेवा," कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. गोल कुणाचाच नव्हता. ऊन उतरलं होतं, मैदानावर खांबांच्या लांब सावल्या. आमची फ्री किक आली, चेंडू उंच गेला, भोकरदनचा कीपर तो ठोसायला गर्दीत शिरला, ठोसला पण अर्धवट. चेंडू बाहेर आमच्या एका पोराकडे. भोकरदनचे सगळे त्याच्या अंगावर धावले, कीपर तिथंच पुढे अडकलेला, एक गडी तेवढा मागे पळून गोलरेषेवर उभा राहिला. आणि इमरान कीपरच्याही पुढे, गोलजवळ, एकटा. त्यानं त्या गड्याकडे नीट बघितलं. मला दिसलं ते. बघितलं आणि निश्चिंत उभा राहिला. त्याच्या ओठांत तो पाढा असणार.

ठप्.

हात वर गेला. मी नेला असं म्हणणं खोटं ठरेल. डोळे कीपरच्या रेषेत होते, कान बुटाकडे, आणि हात आपोआप गेला, गरम तव्यावरून मागे येतो तसा. इमराननं चेंडू त्या गड्याच्या पायांमधून आत ढकलला होता. पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. माझ्या मागची गल्ली मैदानात घुसली, माझ्या दोन्ही बाजूंनी माणसं पळाली, आणि मग एकेक जण वळला. रेफ्रीची शिट्टी वाजत होती. तो माझ्याकडे बोट दाखवत होता.

अन्वर धावत आला नाही, चालत आला. "क्या किया?" राग आला की तो उर्दूत जातो, हे मला पहिलीपासून माहीत. "पीछे आदमी खडा था ना? कीपर छोडके एक था ना?"

"दोन लागतात, अन्वर. कीपर पुढे होता."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गावाबाहेरून आलेला कुणी आहे. मग म्हणाला, "ठीक है, सर." आयुष्यात पहिल्यांदा सर म्हणाला.

पेनल्टीत भोकरदन जिंकलं. इमरानची पेनल्टी खांबाला लागली. रेफ्रीनं माझ्याशी हात मिळवला, हळूच म्हणाला, "फार अवघड होता, बरोबर दिलात," आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेला. माझं घर मात्र इथंच होतं, नाल्याच्या या बाजूला.

नंतरचं सांगायला नको, पण सांगतो, कारण राग तिथंच आहे. पलीकडच्या गल्लीत म्हणाले की शेवटी यानं आपली जात दाखवली. नाल्याच्या अलीकडे, आमच्या ओळखीतले, ज्यांनी आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नाही, ते खांद्यावर थाप मारून म्हणाले, "बरं केलंस, जिरवली त्यांची." शिव्या सहन झाल्या हो. ती थाप सहन झाली नाही. मी कुणाचीच जिरवली नव्हती, मी रेषेत उभा होतो. पण एकानं मला गद्दार केलं आणि दुसऱ्यानं शूरवीर, आणि दोघांनाही ऑफसाइड म्हणजे काय ते माहीत नव्हतं. शाळेत पोरांनी फळ्यावर झेंडा काढला. मुख्याध्यापक दर सव्वीस जानेवारीला न चुकता म्हणतात, "झेंड्याचं काम आपल्या सरांकडे, त्यांचा हात लगेच वर जातो." दर वर्षी तोच विनोद, आणि दर वर्षी सगळा स्टाफ तो नव्यानं ऐकल्यासारखा हसतो.

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. तोच माझा मूर्खपणा. मास्तर माणूस, मला वाटायचं समजावलं की समजतं. टपरीवर ग्लास मांडून सांगितलं, वर्गात खडूनं सांगितलं, एकदा न्हाव्याच्या खुर्चीत बसून कंगवा आणि वाट्या मांडल्या. इमरानच्या लग्नातसुद्धा. लग्नाचं कार्ड कुणाच्या तरी हाती आलं, नुसतं कार्ड. त्याआधी अन्वरच्या घरचं कार्य म्हणजे मी आदल्या दिवसापासून कांदे सोलायला. तरी गेलो. दस्तरखानावर समोरच्यानं विषय काढला आणि मी मिठाची वाटी कीपर केली, पाण्याचा ग्लास तो रेषेवरचा गडी, लिंबाची फोड इमरान. सगळ्यांनी ऐकलं, माना डोलावल्या. मग एक चाचा फार सौम्यपणे म्हणाले, "वो सब बराबर है सर, मगर पीछे आदमी तो था." अन्वर बिर्याणीचं मोठं भगोणं घेऊन मागे उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. माझ्या ताटात वाढलं आणि म्हणाला, "आप आराम से खाइए, सर." आणि पुढच्या पंगतीकडे गेला.

इमराननं त्यानंतर भरती दोनदा दिली, साध्या उमेदवारांतून, आणि दोन्ही वेळा नाव लागलं नाही. आता मोसंबीची गाडी चालवतो. मी दिसलो की खिडकीतून हात बाहेर काढून सरळ वर करतो, झेंड्यासारखा. सोबतचा हमाल हसतो. मी त्याला दोष देत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी देतो. थोडा देतो. पण त्याच्यापेक्षा मला दुसऱ्याच कुणाकडून काहीतरी हवं होतं. गावानं मान्य करावं असं मला कधीच वाटलं नाही. मला इतकंच हवं होतं की अन्वरनं एकदा, कुठेही, दुकानात मोटारीच्या ढिगात बसून का होईना, म्हणावं, "गौतम, झेंडा बराबर होता." सर न लावता. तेवढ्यावर मी पुन्हा दोरीचं टोक धरून बसलो असतो.

मैदानाचा रस्ता मी सोडून दिला होता. स्टेशनवरून घरी यायला बाजारातून वळसा पडतो, तो घ्यायचो. या हिवाळ्यात बाजाराचा रस्ता पाइपलाइनसाठी खणून ठेवलाय, स्कूटरसुद्धा जात नाही, म्हणून परवा मैदानाकडून आलो. फक्कीचा वास आला. कुणी म्हणेल फक्कीला वास नसतो. असतो, थंडीत तर असतोच. भिंतीपाशी स्कूटर बंद केली. अन्वर नव्या पोरांना घेऊन उभा होता. केस पांढरे झालेत, पण शिट्टी तीच, गळ्यात काळ्या दोरीला. त्यानं एका पोराला गोलरेषेवर उभं केलं होतं, कीपरला ओढून पुढे आणलं होतं आणि एकाला मध्ये ठेवलं होतं. मिठाची वाटी, पाण्याचा ग्लास, लिंबाची फोड.

"कीपर-बीपर सोडून द्या डोक्यातून," तो ओरडत होता. "मागं दोन मोजायचे. कोनतेबी दोन. कीपर भायेर आला तर तो गेला हिशेबातून. मंग मागं कितीक राह्यले?"

"एक!"

"मंग?"

"ऑफसाइड!"

मला आधी आनंद झाला, हे कबूल करायला हवं. वेड्यासारखा आनंद. मग लक्षात आलं की ही मांडणी आज सुचलेली नाही. पोरांना ती पाठ होती.

त्यानं मला बघितलं. पोरांना पळायला लावून भिंतीकडे आला. "चहा सांगू?"

"हे कधीपासून शिकवतोस?"

"रस्ता खणलाय म्हणून हिकडून आला व्हय?"

"अन्वर, कधीपासून?"

त्यानं शिट्टी मुठीत धरली. "त्याच सालापासून," म्हणाला. मग मैदानाकडे तोंड करून बोलत राहिला. "तू झेंडा वर केला तवा न्हाई. तवा मला वाटलं, याचं डोस्कं फिरलं. दुसऱ्या दिवशी दुकानात तार गुंडाळून राह्यलो होतो, एकेक वेढा मोजत. मोजता मोजता आलं ध्यानात. हात थांबला. पोरं उभी केली डोक्यातल्या डोक्यात आन् मोजलं. मागं एकच व्हता यार. एकच."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"व्हतं."

"लग्नात मी वाट्या मांडत होतो, तेव्हाही?"

"व्हतं म्हणलं ना."

पोरं आमच्यासमोरून पळत गेली, बुटांचा आवाज आला आणि लांब गेला. अन्वर म्हणाला, "इमरान तिथं का उभा व्हता, सांग. मी शिकवलं म्हणून. कीपर सोडून एक. माझ्या तोंडचं वाक्य. तुझा झेंडा बराबर म्हणलो असतो तर मंग पोराचं नुकसान कुणी केलं? मी. बहीण रोज जेवायला वाढती मला. तिला काय सांगू? तुझ्या लेकराची वर्दी माझ्याच तोंडानं गेली?"

"म्हणून माझ्या नावावर टाकलं."

"टाकलं न्हाई. पडलं व्हतं आधीच. मी उचललं न्हाई."

मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं. आणि त्याच वेळी मला हेही कळलं की तो मला तू म्हणतोय, इतक्या वर्षांनी, आणि माझं मूर्ख मन तेवढ्यावर ओलं होऊ बघतंय. त्याचा मला जास्त राग आला. म्हणालो, "मला चालेल असं तुला कसं वाटलं?"

"तू मास्तर. तुझ्याजवळ नियम व्हता. तुला ठाऊक व्हतं तू खरा हाय. माणसाला तेवढं पुरतं, असं वाटलं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "न्हाई पुरत का?"

नाही पुरत. मी हे मोठ्यानं म्हणालो की नाही आठवत नाही. वर्षानुवर्षं मला जे एक वाक्य हवं होतं ते त्यानं दिलं होतं, भिंतीच्या आडोशाला, कुणी ऐकत नसताना. आणि ते हातात आल्यावर कळलं की ते त्याच्याजवळ पहिल्या दिवसापासून पडून होतं. मी प्रत्येक टपरीवर तोंड कोरडं करत हिंडत होतो तेव्हा ते त्याच्या गल्ल्यात होतं, मोटारींच्या बिलांबरोबर.

"इमरानला सांगितलंस?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"आज सांग. माझ्यासमोर."

त्यानं शिट्टीची काळी दोरी बोटाला गुंडाळली. नाही म्हणाला नाही. मी भिंत ओलांडून आत आलो. किती तरी हिवाळ्यांनंतर ती माती बुटाखाली आली, घट्ट आणि गार. तेवढ्यात फाटकातून मोसंबीची गाडी आत शिरली. इमरान सरावाच्या पोरांसाठी उरलेल्या मोसंबीची एक क्रेट घेऊन येतो, संध्याकाळी, रोजचं असावं ते, कारण पोरं पळणं सोडून गाडीकडे धावली. तो उतरला. पोट सुटलंय त्याला थोडं. मला बघून थबकला. मग अन्वरकडे बघितलं.

अन्वरनं माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मला वाटलं आता बोलतो. खरं सांगतो, माझा श्वास थांबला होता, रेषेवर थांबायचा तसा, कान त्याच्या तोंडाकडे.

इमरान त्याच्या आधी बोलला. पोरांकडे वळून हात सरळ वर केला आणि म्हणाला, "हुशार ऱ्हा रे. सर आलेत. यांच्यासमोर गोल मारू नका, झेंडा वर जाईल."

पोरं खदाखदा हसली. एकाच्या हातातली मोसंबी खाली पडली. अन्वरचं तोंड तसंच उघडं होतं, आणि मग तोही हसला, पोरांच्या बरोबरीनं, आणि माझ्याकडे न बघता शिट्टी तोंडात धरली.